काडेपेटीएवढं रान

मी आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तरी माझ्या खिशात काडेपेटी कायम असायची. यावरून लग्नानंतर आमच्या घरात पहिली कुरबुर झाली. सौ.ला वाटलं, नवरा चोरून ओढतो, आणि तोंडाला वास येत नाही म्हणजे या कलेत चांगलाच मुरलेला दिसतो. शेवटी एके दिवशी मी तिच्यापुढे एक पाठकोरा कागद ठेवला, त्यावर काडेपेटी आडवी ठेवली, भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या चौकटीत उल्हास नदी काढून दाखवली. नदी, पलीकडची भाताची खाचरं, वर डोंगराची एक रेघ. "हे माझं व्यसन," मी म्हटलं. तिने चित्र जवळ नेऊन पाहिलं, लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा चित्राचं करायचं काय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. आजही लोक तोच विचारतात, म्हणून आधी धंदा समजावून सांगतो.

मी पडदे रंगवायचो. दाराखिडक्यांचे नव्हेत, नाटकाचे. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत होतो. बोलपट आले, कंपनी बुडाली आणि मी ब्रश गुंडाळून कर्जतला, भिसेगावातल्या आमच्या घरी परत आलो. कंपन्या बुडाल्या तरी गावची नाटकं बुडाली नव्हती. आमच्या कर्जत-खालापुराकडे उत्सवाला नाटक होत नाही असं गाव तेव्हा विरळा. भात झोडून कणगीत पडलं की तालमी सुरू होत, आणि चैत्र सरेपर्यंत कुठे ना कुठे कोणी ना कोणी राजा झालेला असे. राजा म्हटला की त्याला महाल लागे, महालातून हाकलल्यावर रान लागे. हे दोन्ही पुरवायचं काम माझ्याकडे होतं.

पडदा म्हणजे घराच्या भिंतीएवढं कापड. पेवडी, काव, नीळ, काजळी असे रंग गरम सरसात कालवून त्यावर चढवायचे. एकदा बसलेला रंग पुसता येत नाही. पुसायला गेलं की चिखल होतो. म्हणून चुका आधी लहान जागेत करून घ्यायच्या, त्यासाठी ही काडेपेटी. तिची लांबी-रुंदी आमच्या गावाकडच्या रंगमंचाच्या तोंडाशी बरीच जुळते. तिच्याभोवती पेन्सिल फिरवून एका कागदावर आठ-दहा चौकटी पाडायच्या आणि प्रत्येकीत तोच देखावा निराळा मांडून बघायचा. एकीत झाड डावीकडे, दुसरीत उजवीकडे. एकीत आभाळ मोठं, दुसरीत जमीन. पान काढायचं नाही, फूल काढायचं नाही. काळोख कुठे आणि उजेड कुठे, एवढंच ठरवायचं. या चौकटींना माझे गुरू 'पेट्या' म्हणत. पेटीत जमलं नाही ते पडद्यावर जमणार नाही, असं ते बजावायचे. मी पुढे बऱ्याचदा उलट करून पाहिलं. ते खरंच जमत नाही.

पेटी काढायचे नियम थोडेच होते. पहिला म्हणजे, मधली जागा शांत ठेवायची. तिथे नट उभा राहतो. त्याच्या डोक्यामागे धबधबा काढला तर लोक धबधब्याकडे बघतात आणि नट चिडतो. दुसरा म्हणजे, प्रत्येक पेटीत एक काडीचा माणूस काढायचा. डोक्याचा ठिपका, अंगाची रेघ, हातापायांच्या चार काड्या. तो चित्रातला नव्हे, तो मापाचा. त्याच्याशेजारी झाड केवढं, दार केवढं, हे डोळ्याला कळतं. त्याच्याशिवाय काढलेल्या पेटीवरून एकाने महालाचा पडदा रंगवलेला मी पाहिला आहे. त्या महालाच्या दारातून राजाला शिरायचं असतं तर त्याला गुडघ्यांवर चालावं लागलं असतं.

आणि तिसरा नियम सगळ्यांत कडक. पेटीतला हा काडीचा माणूस पडद्यावर जाता कामा नये. नटांच्या मागे लागणाऱ्या पडद्यावर माणूस म्हणून रंगवायचा नाही. नेरळकडच्या एका गावाने हौसेने दरबाराच्या पडद्यावर भाला घेतलेला एक शिपाई काढून घेतला होता. शिपाई सुरेख होता. पण राजाने टाळी वाजवून "एकांत!" असा हुकूम सोडला, सगळे दरबारी मुजरा करून आत गेले आणि हा तसाच उभा. राजा राणीच्या जवळ सरकला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "अवो म्हाराज, त्या शिपायाला आदी भाईर काडा!" त्यानंतर ते नाटक काही सावरलं नाही. गावाने पुढे त्या शिपायावर केळीचं झाड रंगवून घेतलं.

हा धंदा माझ्या अंगात किती भिनला होता, ते एका बोलपटवाल्याला विचारावं. मुंबईच्या एका कंपनीला नदीकाठचा देखावा हवा होता. त्यांचा माणूस म्हणाला, तुम्ही इकडच्या जागांच्या पेट्या काढून पाठवा, आमचे साहेब तिकडे बसून निवडतील. मी आठवडाभर काठाकाठाने हिंडलो आणि पेट्या पाठवल्या. साहेबांनी एक पेटी पसंत केली आणि कॅमेरा, नटी, छत्र्या असा सगळा संसार घेऊन तिथे येऊन उभे राहिले. बराच वेळ ते गोल फिरत होते.

"पेंटर, तो डोंगर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हा काय, तुमच्या मागे," मी म्हटलं.

"मग चित्रात तो नदीच्या पलीकडे कसा?"

"ती बाजू रिकामी वाटत होती. तिथे शोभला असता, म्हणून सरकवला."

शेवटी नटीला डोंगराकडे पाठ करून बसवलं, डोंगर आला आणि नदी गेली. मला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. माझा मात्र आजही त्यांच्यावर राग आहे. डोंगर तिथेच हवा होता, यात शंका नाही.

पण ही झाली गंमत. ज्या पेटीसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती खालापुराकडच्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं हा अंक वाचतील, आणि मी एकाचं नाव घेऊन दुसऱ्याचं विसरलो तर मला त्या वाटेने जाता यायचं नाही.

लढाईचे दिवस होते. त्या गावाचा रानाचा पडदा उंदरांनी खाल्ला होता. मी कर्जतहून खोपोलीच्या गाडीने गेलो आणि पुढे बैलगाडीने. मारुतीच्या देवळापुढे गाव जमलं होतं. नाटक मंडळाचे प्रमुख गोमा पाटील, मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी आधीच बजावलं की औंदा नाटक रात्री नाही, दुपारी. रॉकेल मिळत नव्हतं, पेट्रोमॅक्स पेटवायची कशाने? ऊन कललं की पडदा उघडायचा आणि दिवस बुडायच्या आत राजाला राज्य परत मिळालं पाहिजे.

मग रानात काय काय हवं याची चर्चा सुरू झाली. एकाला वाघ हवा होता. एकाला त्याच्या बांधावरचा आंबा हवा होता. मी मान डोलवत काडेपेटी काढली आणि पायरीवर बसून पेट्या पाडायला लागलो. मापासाठी कोणीतरी रंगमंचाच्या जागी उभं राहायला हवं होतं.

"भिकूदादा, जा रं, उबा ऱ्हा," पाटील म्हणाले.

भिकूदादा म्हणजे त्यांच्या नाटकाचा सांगणारा. पाठ विसरलेल्या नटाला विंगेतून हळूच पुढचं वाक्य देणारा. त्यांचं नाटक गावातल्याच कोणीतरी पूर्वी रचलेलं, राजाच्या वनवासाचं. त्यातला शब्दन्‌शब्द भिकूदादाच्या तोंडात होता. राजे बदलले, राण्या बदलल्या, सांगणारा तोच राहिला. अंगाने किडकिडीत, एका पायावर भार टाकून उभा राहणारा, मान थोडी पुढे. मी मापासाठी उभा केला तर याने उजव्या हाताचा पंजा तोंडाशी आडवा धरला.

"हात खाली घ्या," मी म्हटलं.

त्याने घेतला. मी पेन्सिल टेकवली, तोवर हात पुन्हा वर.

"काय करू पेंटर? नाटकाच्या जागंवर उबा ऱ्हायलो का हात आपसूक वर जातो."

गाव हसलं. मीही तो तसाच काढला. आठ-दहा पेट्यांत आठ-दहा काडीची माणसं, सगळ्यांचा एक पाय वाकडा आणि हात तोंडाशी. त्यातली एक पेटी गावाने पसंत केली. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मध्ये उजेडाची मोकळी जागा, लांबवर डोंगराची रांग. वाघाला सर्वानुमते काढून टाकलं. मी कागदाचा तेवढा तुकडा फाडून पाटलांना दिला आणि तो त्यांनी देवळात मारुतीच्या शेजारी भिंतीला चिकटवला.

गाडीत बसताना भिकूदादा माझ्याजवळ आला. "पेंटर, त्या कागदावर हाय त्यो मी न्हवं?"

"तुम्हीच की."

"आनि पडदा व्हईल तवा त्यो केवडा व्हनार?"

"तुमच्याएवढाच," मी म्हटलं. मापाचा हिशेब माझ्या डोक्यात इतका पक्का होता की दुसरं उत्तर सुचलंच नाही. तो हसला. फार गोड हसला.

घरी येऊन मी कामाला लागलो. एका भाताच्या गिरणीची रिकामी वखार पडदा रंगवायला मिळाली होती. पेट्रोमॅक्सच्या उजेडासाठी रंग भडक लावतात, दुपारच्या उजेडासाठी ते उतरवावे लागले. हिरव्यात काव घालघालून मी ते रान असं शांत केलं की गिरणीवाला येऊन बघून म्हणाला, इथे जरा पडावंसं वाटतं. मला याहून मोठी पावती नको होती.

उत्सवाच्या दोन दिवस आधी पडदा घेऊन गावात पोचलो. माणसं गप्प होती. पडदा बांधला, दोरी सोडली, रान खाली उतरलं. कोणी वाहवा केली नाही. पाटील पुढे झाले, पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"झाडं झ्याक हायत," ते म्हणाले. "पन भिकूदादा कुटं हाय?"

"मला काय ठाऊक? शेतावर असेल. बोलवा त्याला, पडद्याशी उभं राहून माप बघू द्या."

मग नामा नावाच्या तरण्या गड्याने, जो राजाचं काम करायचा, खाली बघत सांगितलं. भिकूदादाला हिवतापाने नेलं होतं. पंधरा दिवस झाले होते.

पाटलांनी देवळातून तो कागदाचा तुकडा आणला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यो बगा. ह्ये रान तुमी काडलं, तसंच हाय. मंग ह्यो मधी उबा हाय, त्यो का नाय काडला?"

तेव्हा माझ्या ध्यानात सगळं आलं. त्या दिवशी पेटी पसंत केली ती गावाने भिकूदादासकट पसंत केली होती. काडीचा माणूस मापाचा असतो, हे मला माहीत. त्यांना कोणी सांगितलं होतं? त्यांनी चित्रात माणूस बघितला, तो कोण ते उभं राहण्यावरून ओळखलं आणि पेंटरने आपल्या सांगणाऱ्याचा मान ठेवला म्हणून सगळे खूश झाले. आता तो गेला होता. त्याचा फोटो कधी निघाला नव्हता. त्या गावात फोटो निघालेला माणूसच नव्हता. डोक्याचा ठिपका आणि पाच काड्या, एवढंच त्याचं जगात उरलं होतं.

मी त्यांना नियम समजावून सांगायला लागलो. शिपायाची गोष्टसुद्धा सांगितली. ती गोष्ट मी जिथे सांगितली तिथे लोक पोट धरून हसले आहेत. तिथे कोणी हसलं नाही. फक्त नामा म्हणाला, "पेंटर म्हनत्यात त्ये खरं हाय. दादा मधी उबा ऱ्हायला तर मी कुटं उबा ऱ्हाऊ? राजा रानात येकला असतो."

"येकला काय?" पाटील त्याच्यावर खेकसले. "त्यो नसता तर तुला येक वाक्य तरी बोलता आलं असतं काय रं?"

नामाचे डोळे भरून आले. खरंच होतं ते.

तेवढ्यात देवळाच्या कोपऱ्यावरून एक बाई पुढे आली. कपाळ मोकळं. ती भिकूदादाची बायको, काशी. मंडळी बाजूला झाली. ती पाटलांशी बोलली नाही, सरळ माझ्याशी बोलली.

"पेंटर, मी सालोसाल नाटकाला बसते. माज्या शेजारच्या बायांचे दादले मला दिसायचे. कोनाचा परधान, कोनाचा राक्षेस. माजा मानूस कंदी दिसला नाय. नुसता आवाज यायाचा, त्योबी मलाच कळायचा. त्या दिशी घरला आले नि म्हनाले, काशे, औंदा मी तुला दिसंन. माज्यायेवडाच दिसंन. पेंटरनं शबूद दिलाय." तिने पदर सावरला. "मला दुसरं काय नको. यकदा बगू द्या."

मी शब्द दिला होता? दिला होता. 'तुमच्याएवढाच' असं मीच म्हणालो होतो.

आता सांगा, काय करावं? रानात त्याला उभा करावा तर नाटकाचा विचका होतो, आणि ते नाटक म्हणजे त्याचा जीव की प्राण. नाही करावा तर ही बाई तशीच घरी जाते. मी पडद्यापुढे येरझाऱ्या घालत राहिलो. झाडाआड थोडासा दिसेल असा काढू का? मग नामाचं बोलणं चालू असताना लोक झाडाआडचा माणूसच बघत बसणार. मी चिडलो होतो, गावावर नव्हे, माझ्या नियमावर. आणि नियम बरोबर होता, त्याचा तर अधिकच राग येत होता.

घामाने जीव नकोसा झाला, म्हणून टेकायला मी मांडवात गेलो. तिथे बांबूला गुंडाळलेला एक जुना पडदा पडला होता. दर्शनी पडदा. नाटक सुरू व्हायच्या आधी जो सगळ्यांत पुढे लोंबतो आणि अंकांच्या मध्ये पडतो तो. त्यांचा दर्शनी पडदा म्हणजे नुसतं कोरं मांजरपाट होतं, धुऊन धुऊन पिवळं पडलेलं. त्याच्यापुढे कोणी नट उभा राहत नाही. त्याच्यापुढे कोणतं नाटक चालत नाही. त्याच्यापुढे फक्त प्रेक्षक असतात.

मी तिथल्या तिथे काडेपेटी काढली.

अशी पेटी मी आयुष्यात पुन्हा काढली नाही. सबंध चौकट रिकामी. झाड नाही, महाल नाही, गणपती-सरस्वतीसुद्धा नाही. फक्त एका कडेला, जिथे पहिली विंग येते त्या बाजूला, एक माणूस. मापाला दुसरा माणूस काढायची गरजच नव्हती.

पाटलांनी बघितलं. "बाकीचं कोरंच ठेवनार?"

"कोरंच."

"त्येला आवडंल," नामा म्हणाला. "दादाला गर्दी सोसायची नाय."

कापड मारुतीपुढे पसरलं. मी कोळशाने रेघ मारायला घेतली आणि काशीवहिनी पायरीवर येऊन बसली. मी भिकूदादाला उणापुरा एक दिवस पाहिला होता. उभं राहणं हातात होतं, बाकी काही नव्हतं. ती मधून मधून सांगत होती. "धोतर जरा वर, गुडग्याच्या." "खांदा उतरता घ्या." चेहऱ्यापाशी मी अडलो. मी म्हटलं, "वहिनी, तोंड कसं काढू? मला नीट आठवत नाही."

ती म्हणाली, "तुमी हात काडा. हाताच्या आड तोंड कितीसं दिसतंय?"

मी हात काढला. तोंडाशी आडवा धरलेला पंजा, त्याच्या वर दोन डोळे, कपाळ, मुंडासं. आणि खरंच, पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी रंग चढवून वाळवला. वहिनीला मात्र मी तो रंगवलेला तेव्हा दाखवला नाही. तो तिला जिथे दिसायला हवा होता तिथेच दिसू दे, असं माझ्या मनात होतं.

उत्सवाच्या दिवशी ऊन कलायला लागलं तसा मांडव भरला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. अशी नुकती विटाळ-सुतकातून उठलेली बाई नाटकाला आली म्हणून थोडी कुजबुज झाली. गोमा पाटलांनी एकदा घसा खाकरला आणि ती थांबली. काशीवहिनी बायकांच्या कडेला, खांबाला टेकून बसली.

दर्शनी पडद्यावर तोवर झाकून ठेवलेली चादर काढली. भिकूदादा समोर उभा होता. त्याच्याएवढाच. एका पायावर भार, हात तोंडाशी, फक्त या वेळी तोंड नटांकडे नव्हतं, लोकांकडे होतं. माझं लक्ष वहिनीकडे होतं. ती बघत होती. रडली नाही. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून तिने बोट दाखवलं, जसं बाकीच्या बाया सालोसाल तिला दाखवत आल्या होत्या.

मग घंटा झाली आणि पडदा वर गेला. आमचे पडदे खालून गुंडाळत वर जातात. आधी त्याचे पाय गेले, मग धोतर, मग हात, शेवटी डोळे.

नाटक चाललं. विंगेत भिकूदादाच्या जागी शाळेचे गुरुजी वही घेऊन बसले होते. पहिला अंक निभावला. दुसऱ्यात माझं रान उतरलं, उन्हाच्या उजेडात ते वखारीत दिसायचं त्याहूनही बरं दिसलं आणि नामा त्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला. मुकुट नाही, अंगावर वल्कलं. तो बोलू लागला. "राज्य गेले. प्रजा गेली. आज माझ्या पाठीशी कोणी नाही..."

आणि थांबला.

त्याने सवयीने विंगेकडे पाहिलं. तिथे गुरुजी होते. गुरुजींच्या वहीची पानं वाऱ्याने उलटली होती आणि ते बिचारे ओळ शोधत होते. पण मला वाटतं, ओळ मिळाली असती तरी नामाला ती ऐकू आली नसती. त्याने विंगेत ज्याला शोधलं तो नव्हता. "कोणी नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि ते आता राजाचं वाक्य राहिलं नव्हतं. पाटलांनी कपाळाला हात लावला. गावाचं नाटक आजवर मोडलं नव्हतं, ते आता मोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

"नाही कसे? ही वनराई आहे! हे पर्वत आहेत!"

सगळ्या माना वळल्या. काशीवहिनी खांबाला टेकून तशीच बसली होती. पंजा तोंडाशी आडवा.

नामाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने हात पसरून, माझ्या झाडांकडे आणि डोंगरांकडे वळून, असं म्हटलं की मांडव दणाणला. "नाही कसे? ही वनराई आहे! हे पर्वत आहेत!" त्यापुढे तो दोनदा अडला. दोन्ही वेळा त्याने विंगेकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पुढे बघितलं, आणि पुढून वाक्य आलं. दिवस बुडायच्या आत राजाला राज्य मिळालं.

नंतर मी वहिनीला विचारलं, "तुम्हाला हे सगळं पाठ?"

"भात लावताना म्हनायचो की दोगं. राजाचं त्येंचं, बाकी समद्यांचं माजं."

"मग इतकी वर्षं कधी बोलला नाहीत?"

"त्ये होते की मागं," ती म्हणाली. "आता त्ये म्होरं आले, मंग मीबी बोलले."

त्या गावाने दर्शनी पडदा पुढे बदलला नाही. सांगणारासुद्धा नेमला नाही. खांबाजवळची जागा तेवढी राखून ठेवत.

मी त्यानंतर पुष्कळ पडदे रंगवले. नियम तेच ठेवले. मधली जागा शांत, काडीचा माणूस मापाला, आणि गाव नवं असलं की आधीच सांगून टाकायचं की हा माणूस पडद्यावर येणार नाही. एकच नवी सवय लागली. पेटी पुरी झाली की चौकटीच्या बाहेर, खाली, मी पेन्सिलीचा एक ठिपका देतो. चौक गावाच्या बाजूच्या एका चोखंदळ गिऱ्हाइकाने एकदा तो बोटाने पुसायला घेतला. म्हणाला, "पेंटर, इथे डाग पडलाय."

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "राहू द्या. तिथे वहिनी बसल्या आहेत."